जुईला तीन वर्षांत एक कळी नाही, मदत हवी आहे

सांजवात:
नमस्कार. पाल्हाळ न लावता विचारते. तीन वर्षांपूर्वी जुई लावली. आईच्या माहेरच्या अंगणातल्या वेलीची फांदी आणली होती, ते घर आता विकलं गेलं. वेल जोमात आहे, गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचली, पाल्याने भिंत झाकली. फूल सोडा, कळीसुद्धा नाही. खतपाणी वेळेवर आहे. नेमकं काय घालायचं तेवढं सांगा. महिन्याभरात गौरी येतील आणि या वर्षी आई माझ्याकडे आहे. तिच्या हातात घरच्या जुईचा गजरा द्यायचाय.

काळीमाती:
गाव कुठलं? कुंडीत की जमिनीत? ऊन किती तास? खत कुठलं, किती? छाटणी कधी करता? एवढं कळल्याशिवाय "काय घालायचं" हे सांगता येणार नाही. फोटो टाका.

परसबाग_प्रेमी:
कांद्याच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी घाला. माझा मोगरा यानेच लगडला. डोळे झाकून करा.

सांजवात:
नाशिक, बंगला आहे, जमिनीत लावली आहे. ऊन भरपूर. शेणखत आणि दर महिन्याला मूठभर युरिया. फोटो चढत नाहीये. कांद्याच्या साली मागच्या वर्षी करून झाल्या.

काळीमाती:
युरिया आजच बंद करा. त्यात नत्र ४६ टक्के, दुसरं काही नाही. नत्राने पाला वाढतो, आणि दर महिन्याला मूठभर मिळाल्यावर वेल फुलाकडे कशाला वळेल? त्याऐवजी बोनमील आणि थोडी लाकडाची राख द्या. आणि "ऊन भरपूर" म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

कोकणकन्या_७१:
राख नको! नाशिकची काळी माती, त्यात बोअरचं पाणी असेल तर माती आधीच चुनखडीची. राखेने आणखी बिघडेल. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसतंय का ते बघा. तसं असेल तर लोह कमी पडतंय. फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम घेऊन पानांवर फवारा, संध्याकाळी.

काळीमाती:
चिमूटभर राखेने काही होत नाही. आमच्याकडे तीस वर्षं चुलीची राख वेलींनाच जाते.

कोकणकन्या_७१:
तुमची माती वेगळी असेल. त्यांना पाण्याचं विचारलं का तुम्ही?

मळेवाला:
खतावर भांडण्याआधी ताण द्या. पाणी तोडा पंधरा दिवस, पानं मलूल होऊ देत, मग भरपूर पाणी. मोगऱ्याला आम्ही असंच करतो.

वनस्पतीवेडा:
मळेवाले काका, मोगऱ्याचा बहार उन्हाळ्यातला, त्याला थंडीत ताण देणं ठीक. जुई पावसाळ्यात फुलते. भर श्रावणात ताण कसा देणार, वेलीवर छत्री धरून?
ताई, आधी ती जुईच आहे ना ते बघा. जाईचं पान म्हणजे एका देठावर सात-नऊ पानं, टोकाचं मोठं, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईचं पान बहुधा एकच दिसतं, पण देठाशी निरखून पाहिलं तर दोन्ही बाजूंना कानासारखी इवलीशी पानं असतात. तिच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलॅटम' त्या कानांवरूनच आलंय.

सांजवात:
आत्ता बघून आले. देठाशी दोन कान आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. जुईच आहे. ऊन सात ते बारा. पाणी बोअरचं, पण पानं गर्द हिरवी आहेत.

आजीचीशिदोरी:
घराला लागून सुवासिक वेल नको हो, साप येतात. रातराणीजवळ आमच्या शेजाऱ्यांकडे निघाला होता.

वनस्पतीवेडा:
साप वासाला येत नाहीत, उंदीर-बेडकांमागे येतात. बुंध्याशी पाचोळा आणि अडगळ साठू देऊ नका, झालं.

दूरदेशी_सई:
विषयाला थोडं सोडून. मी न्यू जर्सीत. इथल्या नर्सरीत 'स्टार जास्मिन' म्हणून वेल घेतली, घरची आठवण म्हणून. दोन वर्षांनी देठ तुटलं तेव्हा पांढरा चीक आला. खऱ्या जाई-जुईला चीक येत नाही, ही कण्हेरीच्या कुळातली निघाली. वास छान आहे, पण तो नव्हे. इकडे कुणाकडे खरी जुई आहे का? थंडीत कुंडी घरात घेईन.

परसबाग_प्रेमी:
त्यापेक्षा मधुमालती लावा. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. काही बघावं लागत नाही.

काळीमाती:
ताईंनी मधुमालती विचारलेली नाही. ताई, छाटणीचं मी पहिल्यांदाच विचारलं होतं, उत्तर राहिलंय.

सांजवात:
छाटणी माळीदादा करतात, मी लक्ष घालत नाही. मेअखेरीस एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा. पाला पडून गच्चीतलं पाणी जायचं भोक तुंबतं म्हणून. या वेळी गेल्या रविवारी झाली. तिचा काय संबंध?

काळीमाती:
तिचाच संबंध. जुईला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. मेमध्ये कापली की नवे कोंब फुटतात, जुलैत त्यांच्या टोकाला कळ्या धरू लागतात, आणि नेमकी तीच टोकं तुम्ही कापून टाकता. तीन वर्षं तुमची फुलं पाल्याबरोबर जात आहेत. त्या फांद्या अजून कोपऱ्यात पडल्या असतील तर जाऊन टोकं बघा.

सांजवात:
ढीग पायरीखालीच होता. टॉर्च घेऊन गेले. वरच्या फांद्या सुकल्यात, पण टोकाशी गव्हाच्या दाण्याहून बारीक, टोकदार कळ्या आहेत. एका झुबक्यात मी अकरा मोजल्या, तपकिरी पडलेल्या. अशा किती फांद्या आहेत ते मोजवलं नाही. फार वाईट वाटलं. आता या वर्षी काहीच नाही का?

मळेवाला:
पावसाळा आहे, फुटेल. गौरीपर्यंतचा शब्द देत नाही, पण दसऱ्याच्या आसपास थोडी तरी दिसावीत. आता कात्री लावायची नाही, अगदी सुकं काडूकसुद्धा राहू दे. खरी छाटणी जानेवारीच्या शेवटी. तमिळनाडूत मुल्लै म्हणून जुईचे मळे आहेत, तिथेही तेव्हाच छाटतात, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.

कोकणकन्या_७१:
मळ्यातली झुडपं वेगळी, कठड्यावर चढवलेली वेल वेगळी. दीड फुटावर कापली तर परत वर चढायलाच वर्ष जाईल. जून खोड ठेवा, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे राखून कापा.

मळेवाला:
तसं केलं तर फुलं नुसती वर येतील, हाताला लागणार नाहीत.

कोकणकन्या_७१:
कठडा गच्चीचाच आहे. गच्चीतूनच तोडायची आहेत.

वनस्पतीवेडा:
ढिगाच्या तळाशी हिरव्या राहिलेल्या फांद्या असतील. मूळ घर गेलंय म्हणता, तर सगळा भरवसा एका वेलीवर ठेवू नका. वीतभर तुकडे करा, निदान तीन पेरं हवीत, खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या मातीत सावलीत लावा. या हवेत मुळं धरतात. पुढे कळ्या दिसल्या की दुपारी चारच्या सुमारास तोडा, संध्याकाळी गजऱ्यातच उमलतात.

सांजवात:
तळाशी सहा फांद्या हिरव्या निघाल्या. आईनेच कुंडीत लावल्या, तिच्या हाताने. युरियाची पिशवी शेजारच्यांना दिली, आणि माळीदादांना सांगितलंय की जानेवारीपर्यंत जुईला हात लावायचा नाही. गच्चीतलं भोक मी रोज साफ करीन. सई, फांदी तुमच्यापर्यंत कशी पोचणार ते मात्र मला सुचत नाहीये.