अनुशेष, समतोल, विकेंद्रीकरण : औद्योगिक धोरणातील काही शब्दांविषयी

प्रश्न

अंधेरीतील लघुउद्योजकांच्या एका संघटनेसाठी शासनाच्या औद्योगिक धोरणाची ओळख करून देणारी मराठी पुस्तिका मी तयार करत आहे. मसुद्यात पुढील वाक्य आले आहे : ‘विदर्भ व मराठवाडा येथील उद्योगांचा अनुशेष भरून काढणे आणि उद्योगांच्या विकेंद्रीकरणातून संतुलित प्रादेशिक विकास साधणे हे शासनाचे धोरण आहे.’ काही सहकाऱ्यांना ‘संतुलित’च्या जागी ‘समतोल’ हवे आहे. ‘अनुशेष’ आणि ‘असमतोल’ हे एकाच अर्थाचे शब्द असल्याने कोणताही वापरला तरी चालेल, असेही काहींचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘समतोल’ की ‘संतुलित’ हा प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण मराठीत तोल राहतो, तोल जातो आणि समतोल ढळतो. त्यामुळे ‘समतोल’ या शब्दाचे नाते बोलीशी अधिक जवळचे आहे. शिवाय डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली 2011 मध्ये नेमलेल्या आणि 2013 मध्ये अहवाल देणाऱ्या उच्चस्तरीय समितीपासून ‘समतोल प्रादेशिक विकास’ हा शब्दप्रयोग राज्याच्या धोरणचर्चेत पक्का झाला आहे. आपण ‘समतोल’ लिहावे.

‘अनुशेष’ आणि ‘असमतोल’ एकच आहेत, हे मात्र मला मान्य नाही, आणि या दोन शब्दांची गल्लत केल्याने वाचकाचे खरोखर नुकसान होते असे मला वाटते. असमतोल ही स्थिती आहे. ती डोळ्यांना दिसते, तिचे वर्णन करता येते. अनुशेष ही मोजलेली तूट आहे. राखीव पदांचा अनुशेष म्हणताना जशी भरावयाची पदे, भरलेली पदे आणि उरलेली पदे असा हिशेब असतो, तसाच हिशेब प्रादेशिक अनुशेषाच्या मुळाशी आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये हा हिशेब मांडला. एखाद्या सोयीची राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याची तूट मोजायची, ती भरून काढण्यास किती खर्च येईल हे ठरवायचे आणि सर्व जिल्ह्यांची बेरीज करायची, अशी ती रीत होती. समजा, दर शंभर चौरस किलोमीटरमागे राज्यात सरासरी 40 किलोमीटर रस्ते आहेत आणि एका जिल्ह्यात 28 आहेत, तर दर शंभर चौरस किलोमीटरमागे 12 किलोमीटर हा त्या जिल्ह्याचा भौतिक अनुशेष आणि तेवढे रस्ते बांधण्याचा खर्च हा आर्थिक अनुशेष. ज्या जिल्ह्यात 55 किलोमीटर आहेत, त्याचा अनुशेष शून्य धरला जातो, वजा धरला जात नाही. या रीतीने समितीने काढलेली एकूण रक्कम 3,186.78 कोटी रुपये होती.

आपल्या वाक्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समितीने हा अनुशेष रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांत मोजला. या सर्व सोयी शासन स्वतःच्या तिजोरीतून उभ्या करू शकते. कारखाना तसा उभा राहत नाही. खाजगी उद्योजकाने कोठे जावे याचा आदेश शासन देऊ शकत नाही. ते जमीन, पाणी, वीज आणि सवलती पुढे करून त्याचे मन वळवू शकते. म्हणून ‘उद्योगांचा अनुशेष’ हा सभेत, भाषणात शोभणारा प्रयोग असला, तरी धोरण समजावून सांगणाऱ्या पुस्तिकेत तो टाळावा. अनुशेष हा शब्द उच्चारताच कोणाची तरी देण्याची बांधिलकी आली. जेथे ती बांधिलकी कोणीच अंगावर घेतलेली नाही, तेथे हा शब्द वापरल्यास वाचकाला न मिळालेले वचन मिळाल्यासारखे वाटते.

संविधानाच्या अनुच्छेद 371 च्या खंड (2) मध्येही हीच मर्यादा दिसते. त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे, आणि विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी आणि राज्याच्या सेवांमधील नोकरीच्या संधी यांचा उल्लेख आहे. कारखान्यांचा नाही. येथील ‘समन्यायी’ या शब्दाला कृपया ‘समान’ करू नये. समान वाटपात सर्वांना सारखे मिळते, समन्यायी वाटपात गरज आणि स्थिती पाहून मिळते.

माझी सूचना अशी : ‘विदर्भ, मराठवाडा व राज्याच्या इतर अविकसित भागांत उद्योग यावेत यासाठी पायाभूत सुविधा व प्रोत्साहने देणे, आणि त्याद्वारे प्रादेशिक असमतोल कमी करणे हे शासनाचे धोरण आहे.’ ‘इतर अविकसित भागांत’ हे शब्द मी जाणून घातले आहेत. दांडेकर समितीच्या हिशेबात सुमारे 37 टक्के अनुशेष उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याला आला होता. ‘उर्वरित’ या एका शब्दात मुंबई आणि पुण्याबरोबर धुळे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही बसतात, हे मुंबईत बसून लिहिताना फार सहज विसरले जाते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘विकेंद्रीकरण’ या शब्दाबद्दल काही लिहितो. मी मूळचा मराठवाड्याचा, नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षे मुंबईत आहे, आणि या शब्दाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते असे मला वाटते.

विकेंद्रीकरण हा केंद्राकडून पाहणारा शब्द आहे. मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात उद्योगांची दाटी झाली, ती बाहेर न्यावी, या विचारातून 1964 मध्ये पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पट्ट्याबाहेर औद्योगिक क्षेत्रे उभारली. पण केंद्रातून बाहेर पडलेला उद्योग कोठे जातो, हे या शब्दात सांगितलेले नाही. मुंबईतले अनेक कारखाने वापी, सिल्वासा आणि दमणला गेले; मुंबईपुरते विकेंद्रीकरण झाले, महाराष्ट्रातील असमतोल तसूभरही कमी झाला नाही. वाळूजचे उदाहरण याहून बोलके आहे. बजाज ऑटोचा कारखाना आणि त्यामागोमाग आलेले सुट्या भागांचे छोटे कारखाने यांमुळे तेव्हाच्या औरंगाबादच्या परिसराचा कायापालट झाला, हजारो घरांत पगार येऊ लागला, आणि त्याचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. मुंबईहून पाहता ते उत्तम विकेंद्रीकरण होते. हिंगोलीहून किंवा बीडहून पाहता ते मराठवाड्याच्या आत झालेले नवे केंद्रीकरण होते.

याचे एक कारण ‘प्रादेशिक’ या शब्दातच आहे, कारण तो कोणते माप धरतो ते प्रत्येक ठिकाणी बदलते. संविधानातील तरतुदीत माप विभाग आहे, दांडेकर समितीत जिल्हा आहे, आणि प्रोत्साहन योजनेत तालुका आहे. प्रोत्साहनाची चौकशी करायला गेलेल्या उद्योजकाला म्हणूनच आधी तालुका विचारला जातो. तालुका अ, ब, क, ड की ड प्लस वर्गात मोडतो, यावर त्याला काय आणि किती काळ मिळणार हे ठरते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी ‘विनाउद्योग जिल्हा’ असा वेगळा वर्गही वापरला गेला आहे. तालुक्यांच्या या पाच वर्गांत अ वर्ग सर्वांत विकसित आणि ड प्लस सर्वांत मागे, हे पुस्तिकेत स्पष्ट सांगावे, कारण ‘ड प्लस’मधील ‘प्लस’ने नवखा वाचक हमखास फसतो. तो अधिक सोयी असलेला भाग समजतो. प्रत्यक्षात तेथे सोयी सर्वांत कमी आणि म्हणून प्रोत्साहने अधिक असतात.

आणखी एक विनंती : ‘सवलत’, ‘सूट’, ‘माफी’, ‘अनुदान’ आणि ‘परतावा’ हे शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत. मुद्रांक शुल्क किंवा वीज शुल्क यांची माफी असते, म्हणजे ते भरावेच लागत नाही. परताव्यात आधी पैसे भरावे लागतात आणि नंतर ते परत मागावे लागतात. व्याज अनुदानातही बँकेचा हप्ता तारखेला जायलाच हवा. लहान उद्योजकाला माफी आणि परतावा यांतील फरक खेळत्या भांडवलात जाणवतो. कच्चा माल उधारीवर आणणाऱ्या माणसाला उशिरा मिळालेला परतावा फारसा उपयोगी पडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवलेले वाक्य घेत आहे. एक उपप्रश्न उरतो : पुस्तिकेत ‘ग्रामीण उद्योग’ आणि ‘ग्रामोद्योग’ हे दोन्ही शब्द आले आहेत. ते एक करावेत का?

प्रतिसाद

एक करू नयेत. ‘ग्रामीण उद्योग’ म्हणजे ग्रामीण भागात असलेला कोणताही उद्योग. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना किंवा शेतजमिनीवर उभे राहिलेले औद्योगिक क्षेत्रही त्यात येते. ‘ग्रामोद्योग’ या शब्दाला मात्र खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात व्याख्या आहे. स्थानाबरोबर प्रत्येक कारागिरामागे गुंतवलेल्या स्थिर भांडवलाची मर्यादाही त्या व्याख्येत असल्याने, गावात असूनही मोठा कारखाना ग्रामोद्योग ठरत नाही. ग्रामीण क्षेत्रासाठी त्या कायद्यातील लोकसंख्येची मर्यादा पूर्वी 10,000 होती, 2006 च्या दुरुस्तीनंतर ती 20,000 झाली.

‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे याचा परिणाम थेट अनुदानावर होतो. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळते. विशेष प्रवर्गासाठी (अनुसूचित जाती-जमाती, महिला इत्यादी) हेच प्रमाण 25 आणि 35 टक्के आहे. आपले वाचक अंधेरीत असले तरी त्यांच्यापैकी कित्येकांची गावी जागा असेल आणि तेथे एखादे युनिट टाकण्याचा विचारही असेल. त्यांच्यासाठी पुस्तिकेत जेथे ‘ग्रामीण’ हा शब्द येईल, तेथे तो कोणत्या योजनेच्या व्याख्येप्रमाणे वापरला आहे हे त्याच ओळीत लिहावे, आणि अर्ज करण्यापूर्वी जागा ज्या जिल्ह्यात आहे तेथील जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करून घेण्यास सांगावे.