चार्टरची (भाड्याच्या किंवा मालकाच्या खासगी विमानावरची) नोकरी सोडावी की धरून ठेवावी? वैमानिकांनो, तुमचे अनुभव लिहा

डिचोलीकर
शेजारचा मुलगा किंग एअर या छोट्या चार्टर विमानावर कोपायलट आहे. एअरलाईनची ऑफर आलीय, तर इकडे मालक म्हणतो थांब, पगार वाढवतो. "काका, काय करू?" म्हणून काल विचारत होता. मी पटकन काही बोललो नाही, कारण माझीच जुनी गोष्ट डोक्यात घोळायला लागली.

मी तेव्हा छोट्या चार्टर जेटवर उजव्या सीटवर, म्हणजे कोपायलट होतो. मालकाच्या घरचं लग्न, दाबोळी विमानतळावरून एका छोट्या धावपट्टीवर जायचं होतं. तिथे रात्री उतरायची सोय नव्हती. पाहुणे जेवण आटपून आले तेव्हा सूर्य कलला होता. आमच्या कॅप्टननी घड्याळ बघितलं, गणित मांडलं आणि सांगितलं, "आता उद्या सकाळी." मालक ओरडला, त्याचा मॅनेजर ओरडला. कॅप्टन शांतपणे पायऱ्यांवर बसून पेपर वाचत राहिले. पुढे त्यांचा करार वाढवला नाही आणि मला कमांडचं, म्हणजे कॅप्टन करायचं आमिष दाखवलं, पगारही बरा होता. मी एअरलाईनला जाऊन सीनियॉरिटीच्या शेपटाला उभा राहिलो.

तुम्ही का सोडली किंवा का टिकलात? पैसा, झोप, मान, जे असेल ते लिहा.

फोंड्याची
मी वैमानिक नाही, वैमानिकाची बायको. भात चढवलाय तेवढ्यात लिहिते. चार्टरला होते तेव्हा बॅग कायम दाराशी. फोन वाजला की ताट तसंच टाकून निघायचं. चवथीला घरी असतील की नाही हे चवथीच्या सकाळी कळायचं. सासूबाई विचारायच्या, "मालकाकडे गणपती नसतो का गो?" आता एअरलाईनला आहेत, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आधी हातात पडतो. पण रात्रीची उड्डाणं इतकी की यंदा माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायला म्हणून घरी आले आणि आरतीपर्यंत झोपून राहिले. कुकर झाला, येते.

बॅगवाला कोपायलट
पगाराचं नंतर बोलू. बॅगा मी चढवतो, बर्फ मी आणतो, केटरिंगवाल्याशी भांडतो मी, सीटखालचे चिप्स वेचतो मी. एकदा टॉयलेटही मीच रिकामं केलं, हँडलिंगवाला आलाच नाही. मॅडमच्या कुत्र्याला वेगळं उकडलेलं चिकन, मीठ न घालता. आणि वर्षभरात उड्डाणाचे तास किती? एअरलाईनवाला १००० तासांच्या वार्षिक मर्यादेजवळ जातो, आम्ही त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.
त्यात काही जाहिरातींत ५७०० किलोंच्या वरच्या विमानाचा अनुभव मागतात. बी२००, म्हणजे आमच्या किंग एअरचं कमाल वजन ५६७०. तीस किलोंनी हुकलो राव!!

म्हापशाचो भुरगो
@बॅगवाला कुत्रा धरून वजन केलं तर?

बॅगवाला कोपायलट
😂 लॉगबुकात लिहू का तसं

वास्को निवृत्त
नौदलात डॉर्नियर उडवलं, मग काही वर्षं चार्टर. मोठा फरक एकच. तिकडे "हवामान नाही" म्हटलं की विषय संपतो. इकडे तिथून चर्चा सुरू होते. "काल अमक्याचं विमान उतरलं की", "थोडं खाली जाऊन बघा", "साहेबांची सभा आहे". निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका. मी एक सवय लावून घेतली होती. निघायच्या आदल्या रात्रीच मालकाच्या माणसाला लेखी कळवायचं की अमुक वेळेनंतर निघता येणार नाही, ढग अमुक खाली असतील तर उतरणार नाही. आयत्या वेळचा नकार त्यांना उद्धटपणा वाटतो, आदल्या रात्रीचा नियम वाटतो.

दुसरं, गोव्यात रात्रीचा मुक्काम. पार्टी त्यांची, आग्रह आपल्याला. उड्डाणाच्या आधी १२ तास थेंब नाही, आणि ब्रेथ अ‍ॅनालायझर कोणाचा मेव्हणा नाही. माउथवॉशसुद्धा चालत नाही. एका मे महिन्यात एका सद्गृहस्थांनी हुर्राकचा (काजूच्या दारूचा) अख्खा कॅन भेट दिला होता.

म्हापशाचो भुरगो
कॅनचं पुढे काय झालं ते सांगा, बाकीचं कळलं

वास्को निवृत्त
ड्रायव्हरला दिला. तो दुसऱ्या दिवशी आला नाही.

पेडण्याचा एएमई
इंजिनिअरच्या बाजूनेही ऐका. चांगला वैमानिक मी टेक लॉगवरून (बिघाड नोंदवायच्या वहीवरून) ओळखतो, गणवेशावरून नाही. काही जण पायऱ्या उतरताना कानात सांगतात, "डावा जनरेटर जरा नखरे करतोय हां, बेसला गेल्यावर लिहितो." का? इथे लिहिलं की विमान इथेच बसणार. एमईएलमध्ये (कोणत्या बिघाडासह उडता येतं त्या यादीत) बसत असेल तर ठीक, नाही तर दुरुस्त होईपर्यंत हलत नाही. त्यात नाताळ ते नवीन वर्ष, पार्किंगला जागा नाही, कितीतरी विमानं माणसं उतरवून लगेच दुसरीकडे जाऊन उभी राहतात. अशात स्नॅग (बिघाड) लिहिणाऱ्या कॅप्टनला मालकाचे किती फोन येतात ते मी बघितलंय. पण जो लिहितो त्याच्यासाठी मी रात्रभर उभा राहतो. कानात सांगणाऱ्याला मी पेन पुढे करतो.

परत आलेला
मी उलट्या दिशेचा प्रवासी. एअरलाईनमधून चार्टरला आलो आणि खूश आहे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा बाजारात एकदम किती कॅप्टन आले ते आठवतंय ना? मोठं नाव म्हणजे सुरक्षित नोकरी, हे तेव्हाच डोक्यातून गेलं. इथे पगार ठरलेला, तास उडो न उडो. तिथे हमीचे तास आणि वरचे तास असा हिशेब, उड्डाणं कमी झाली की खिशाला लगेच कळतं. शिवाय हात चालतो. आज मोपा विमानतळ, उद्या कोल्हापूर, परवा एखादी टॉवर नसलेली पट्टी. पण मालक माणूस हवा. माझा आहे. नाही म्हटलं तर फक्त "मग कधी?" एवढंच विचारतो.

डिचोलीकर, त्या मुलाला सांगा, आधी बाँड वाच. टाईप रेटिंगचे (त्या प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे) पैसे कोणी भरलेत, सोडलं तर किती परत करायचे, एनओसी (ना-हरकत पत्र) कोण देणार. आणि एअरलाईनचा नोटीस पिरियड माहीत असू दे, कमांडरला एक वर्ष, कोपायलटला सहा महिने. आत जाणं सोपं, बाहेर पडताना कॅलेंडर बदलतं.

माशेलची आई
जरा विषयांतर, माफ करा. मुलगा बारावीला आहे, त्याला पायलटच व्हायचंय. कुठून सुरुवात?

पेडण्याचा एएमई
बाय, फी भरण्याआधी मेडिकल. क्लास टू (प्राथमिक तपासणी) तर कराच, जमल्यास क्लास वनसुद्धा (व्यावसायिक लायसन्सची तपासणी) आधीच. फिजिक्स, मॅथ्स हवं. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिक लायसन्सला) २०० तास उड्डाण. आणि हे लक्षात ठेवा, लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. मधली वर्षं घरात बसून काढलेली मुलं पाहिलीत.

माशेलची आई
देव बरें करूं. बघते. (मोपाहून माशेलला टॅक्सीवाला किती घेतो हो? भावाने परवा दिलेला आकडा ऐकून मी आधी पाणी प्याले.)

म्हापशाचो भुरगो
त्यापेक्षा मुलाला टॅक्सी घेऊन द्या 😄

डिचोलीकर
सगळं वाचलं, त्या मुलालाही वाचायला दिलं. त्याने मालकाला एवढंच विचारलं, वाढीव पगार आणि आठवड्याची ठरलेली सुटी कागदावर द्याल का? पगाराला लगेच हो म्हणाले. सुटीला "आपण घरचेच ना रे" म्हणाले. पोरगं आज एअरलाईनच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेलंय.

फोंड्याची
घरचेच! हे वाक्य आमच्याकडेही होतं हो, अगदी हेच.

बॅगवाला कोपायलट
@डिचोलीकर त्याची जागा रिकामी होतेय का? बी२०० चं रेटिंग आहे माझ्याकडे. कुत्रा आहे का तेवढं विचारून सांगा.