मदत हवी आहे: परीक्षानळ्या धुणारं यंत्र मधेच पहिल्यापासून सुरू होतं (आर्डुइनो कंट्रोलर बोर्ड)

नळीवाला
तातडीनं मदत हवी आहे. प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्या धुणारं यंत्र बनवलंय. रॅक खाली येतो, ब्रश नळ्यांत शिरतात, ब्रशची मोटर फिरते, रॅक वर जातो, बाजूच्या ट्रेवर सरकतो, पंप सुरू होतो, नळ्या खंगाळल्या की पंप बंद. इथपर्यंत छान चालतं. पण पंप बंद होताना बऱ्याचदा प्रोग्राम थेट सेटअपवर (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागावर) जातो आणि रॅक पुन्हा होमकडे (सुरुवातीच्या जागी) निघतो. कधी पहिल्याच फेरीत, कधी बराच वेळ काहीच होत नाही. कोड पुन्हा पुन्हा वाचला, त्यात काही सापडत नाही. कोडमध्ये काय बदलू ते सांगा, यंत्र लगेच वापरात आणायचंय.

सोल्डरधूर
बोर्ड कोणता? मोटर ड्रायव्हर कोणता? पंप किती व्होल्टचा, आणि तो कशावरून चालू-बंद करता? सगळ्याला वीज एकाच ठिकाणाहून येते का? पंपाला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावलाय का? जोडणीचा फोटो टाका, अंदाजानं काही सांगता येणार नाही.

नळीवाला
ऊनो. स्टेपर मोटरचे (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) ड्रायव्हर ए४९८८ दोन, एक वर-खाली, एक आडवा. पंप १२ व्होल्ट, रिलेवर (विजेनं चालणारा स्विच). ॲडाप्टर १२ व्होल्टचा. जोडणी बरोबरच आहे, सगळं फिरतंय ना. प्रश्न कोडचा आहे.

कोडकारागीर
कोड न बघताही सांगतो, तुम्ही डिले (ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) वापरला असणार. डिले चालू असताना बोर्ड दुसरं काहीच करत नाही, ना लिमिट स्विच (रॅक टोकाला पोचला की दाबला जाणारा) बघत, ना थांबवायचं बटण. यंत्र टप्प्यांत लिहा: खाली, घास, वर, सरक, खंगाळ, निथळ. कोणता टप्पा चालू आहे ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि वेळ मिलिसनं (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) मोजा. स्टेपरसाठी ॲक्सेलस्टेपर लायब्ररी घ्या, पण त्यातलं रन हे फंक्शन लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य भागात) सतत बोलावलं गेलं पाहिजे. मधे एक जरी डिले आला तरी मोटर जागीच थांबते.

सोल्डरधूर
कोडकारागीर, सल्ला चांगला आहे, पण डिलेमुळे बोर्ड रीसेट होत नाही. पंप बंद होतानाच हे घडतंय, तर आधी विजेकडे बघायला हवं. पंपाच्या मोटरमध्ये गुंडाळी आहे. रिलेचा संपर्क तुटला की त्या गुंडाळीतला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, व्होल्टेज उसळतं आणि संपर्कांत ठिणगी पडते. तो विजेचा गोंगाट तारांतून ऊनोपर्यंत पोचतो.

नळीवाला, दोन गोष्टी करून बघा. सेटअपच्या पहिल्याच ओळीत सिरियलवर (जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर) ‘सुरू’ असं छापा. मधेच पुन्हा ‘सुरू’ दिसलं तर खरा रीसेट, नाही तर प्रोग्राम कुठेतरी अडकतोय. मग पंपाच्या तारा काढा आणि रिले नुसता टकटक करू द्या. तरी रीसेट झाला तर संशय पंपावरून रिलेवर जातो.

पॅनेलकाका
रोज वापरायचं यंत्र असेल तर आर्डुइनोवर विसंबू नका. छोटा पीएलसी (कारखान्यांतला मजबूत कंट्रोलर) घ्या. २४ व्होल्टचे इनपुट असतात, गोंगाट सहन करतात, पॅनेलमधल्या डीआयएन पट्टीवर बसतो, उद्या दुसऱ्या माणसालाही लॅडर (पीएलसीचा आकृतीसारखा प्रोग्राम) वाचता येतं. मी यंत्रांचे पॅनेल बांधतो, तिथे असा उघडा बोर्ड कोणी बसवत नाही.

कोडकारागीर
काका, त्यांच्याकडे यंत्र तयार आहे. पीएलसी घेतला तरी पंपाला डायोड लागणारच.

पॅनेलकाका
लागणारच, मी कुठे नाही म्हणतो? पण थांबवायचं लाल बटण कुठे जोडलंय ते अजून कोणी विचारलं नाही. ते इनपुट पिनवर असेल तर उपयोग नाही. बोर्ड रीसेट होत असताना ते बटण वाचणार कोण? त्यानं मोटरची आणि पंपाची वीज सरळ तोडली पाहिजे.

काचसखी
नळ्यांत आधी काय असतं? प्रथिनं, तेलकट पदार्थ की नुसते क्षार? त्यावर साबण ठरतो. आणि शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड वॉटरनंच करा, नळाच्या पाण्याचे डाग सुकल्यावर दिसतात. ब्रशच्या टोकाला उघडी तार असेल तर काचेच्या तळाला ओरखडे पडतात, आणि पुढे नळी तापवली की तिथूनच तडकते.

नळीवाला
ताई, साबण ठरलेला आहे, तो प्रश्न नाही.
सोल्डरधूर, सिरियलवर ‘सुरू’ पुन्हा येतंय, म्हणजे रीसेटच. पंप काढला तर होत नाही. पंपावर १एन४००७ डायोड लावला, पट्टीची बाजू धनाकडे. खूप फरक पडला, पण पूर्ण थांबलं नाही. रिले बोर्ड ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवरूनच चालतो. दोन रिले, एक पंपाचा, एक ब्रशच्या मोटरचा.

सोल्डरधूर
हे आधी सांगायला हवं होतं. म्हणजे १२ व्होल्टचा ॲडाप्टर ऊनोच्या गोल सॉकेटमध्ये आहे ना? बोर्डावरचा रेग्युलेटर वरचे ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. एका रिलेची गुंडाळी साधारण ७० मिलीअँपिअर घेते, दोन रिले म्हणजे १४० च्या आसपास, त्यामुळे एकट्या रिलेंसाठी तिथे जवळजवळ १ वॉट जळतो. त्यावर ॲडाप्टरवर दोन स्टेपर आणि पंपाचा सुरू होतानाचा धक्का.

असं करा. १२ वरून ५ करणारा वेगळा बक कन्व्हर्टर घ्या आणि रिलेला त्यावरून वीज द्या. रिले बोर्डावर जेडी-व्हीसीसी लिहिलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो काढा, नाहीतर आतल्या ऑप्टोकपलरचा (उजेडानं सिग्नल देऊन दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा भाग) काही उपयोग होत नाही. प्रत्येक ए४९८८ च्या मोटर पुरवठ्याच्या पिनेजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. ब्रशच्या मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक लावा, एक दोन टोकांत आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला एकेक. आणि वीज चालू असताना स्टेपरची तार काढू नका, ड्रायव्हर जातो.

कोडकारागीर
वीज सुधारली तरी कोडमधली एक गोष्ट सुटत नाही. रीसेट झाला तेव्हा ब्रश नळ्यांच्या आत असतील, आणि सेटअपमध्ये आडवा अक्ष आधी होमला जात असेल, तर सगळ्या नळ्या फुटतील. सुरू होताच आधी वर, वरचा लिमिट स्विच दाबला गेला की मगच आडवं. एवढं आजच बदला.

मिलिसची बेरीज करून तुलना करू नका. साधारण ४९.७ दिवसांनी तो आकडा शून्यावर येतो. आताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून फरक बघितला तर काही बिघडत नाही.

पॅनेलकाका
वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर) लावा.

सोल्डरधूर
काका, आत्ता नको. आहेत ते रीसेट बंद व्हायच्या आधी वॉचडॉग लावला तर कोणता रीसेट कशामुळे ते कळणार नाही. रीसेटचं कारण चिपमधल्या एमसीयूएसआर रजिस्टरमध्ये नोंदलं जातं, पण ऊनोचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम) ते आपल्या प्रोग्रामच्या आधीच पुसून टाकतो.

नळीवाला
बक कन्व्हर्टर लावला, जंपर काढला. रीसेट बंद! आधी वर, मग आडवं हेही केलं. आता नवीन भानगड: ब्रशची मोटर सुरू झाली की लिमिट स्विच दाबला गेल्यासारखं दिसतं. स्विचला कोणी हात लावलेला नसतो. हे लवकर सांगा, शेवटच्या ॲसिटोनच्या ट्रेची चाचणी राहिली आहे.

काचसखी
थांबा. ॲसिटोन? हे आता सांगताय?
ती चाचणी करू नका. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे २० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेच्या दुप्पट जड असते, खाली साचते. तुमचे रिले कुठे आहेत, खालीच ना? वर सोल्डरधूर यांनी संपर्कांतल्या ठिणगीचं लिहिलंय. ब्रशची मोटर साधी डीसी असेल तर तिच्यातल्या कार्बन ब्रशांतही फिरताना ठिणग्या पडतात.

सोल्डरधूर
ताईंचं शंभर टक्के बरोबर. डायोडनं ठिणगी कमी होते, नाहीशी होत नाही. रिलेऐवजी मॉसफेट (संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला तरी मोटर तीच राहते. हे सर्किटनं सोडवायचं काम नाही, ॲसिटोन यंत्रातून काढा.

लिमिट स्विचचं: बोर्डाच्या आतला पुलअप (पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, लांब तारेला तो अपुरा पडतो. बाहेरून ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहम, पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, आणि तारा पीळ देऊन मोटरच्या तारांपासून लांब न्या. स्विच नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा, म्हणजे तार तुटली तर रॅक थांबेल, धडकणार नाही.

कोडकारागीर
आणि स्विच दाबलेला दिसला की ५ मिलिसेकंदांनी पुन्हा वाचा. दोन्ही वेळा तेच आलं तरच खरं धरा.

पॅनेलकाका
लाल बटणाचं उत्तर अजून आलेलं नाही.

नळीवाला
काका, बटण १२ व्होल्टच्या मुख्य तारेत घातलं. ऊनोला वेगळा पुरवठा दिला, म्हणजे कुठल्या टप्प्यावर थांबलं ते सिरियलवर दिसतं. स्विच नॉर्मली क्लोज्ड केला, तार वेगळी नेली, आता खोटं दाबणं होत नाही. ॲसिटोनचा ट्रे काढला. शेवटी डिस्टिल्ड वॉटर. ज्या थोड्या नळ्यांना ॲसिटोन लागतोच त्या फ्यूम हुडमध्ये (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात) हातानं खंगाळू. मग त्या सरळ ओव्हनमध्ये ठेवल्या तर चालतील ना?

काचसखी
नाही. पाण्यानं खंगाळलेल्या ठेवा. ॲसिटोनच्या नळ्या हुडमध्येच उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या होऊ द्या. ओव्हनच्या आत तापलेलं तार-कॉइल आणि थर्मोस्टॅटचा संपर्क असतो.