मदत हवी आहे : ब्रिटनमधील सामायिक पालक रजा दोन टप्प्यांत कशी मागावी?

आम्ही दोघे लंडनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरीला आहोत; बाळ ऑक्टोबरमध्ये अपेक्षित आहे. मी 20 आठवड्यांनी मातृत्व रजा थांबवल्यास 32 आठवड्यांची रजा आणि 19 आठवड्यांचे वैधानिक वेतन दोघांत वाटता येते, एवढा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मांडून झाला आहे. पात्रतेच्या अटी दोघेही पूर्ण करतो आणि व्हिसाचीही अडचण नाही, कारण व्हिसावर मनाई असलेल्या सरकारी मदतीत हे वेतन मोडत नाही.

यजमानांना मार्चमध्ये 6 आणि सासूबाई पुण्याला परतल्यावर मेमध्ये 8 आठवडे हवे आहेत. मात्र एकाच सूचनेत (नोटिशीत) तुटक, म्हणजे मध्ये खंड असलेली, रजा मागितल्यामुळे त्यांच्या कंपनीने ती नाकारली, आणि तसा तिला अधिकारही आहे. सलग रजा नाकारता येत नाही, म्हणून ती सूचना मुदतीत मागे घेऊन प्रत्येकी 8 आठवडे आधी दोन स्वतंत्र सूचना देण्याचा विचार आहे. असे कोणी केले आहे का, आणि मागे घेतलेली सूचना तुमच्या कंपनीने प्रत्येकाला मिळणाऱ्या तीन सूचनांच्या मर्यादेत मोजली का?