सीमलेस स्विचर घ्यायचाय, पण प्रत्येक इनपुटला स्केलर लागतोच का?

मागचीरांग यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. आम्ही तिघं मिळून कॉन्फरन्स आणि छोटे स्टेज शो करतो, व्हिडिओचं टेबल माझ्याकडे. आत्तापर्यंत चार-इन-एक-आउटच्या साध्या एचडीएमआय स्विचवर भागत होतं, तो रिमोटवाला असतो ना, तोच. मागच्या वेळी एक वक्ता उतरला, दुसऱ्याचा लॅपटॉप घ्यायचा म्हणून बटण दाबलं तर स्क्रीन काळी, मग निळ्यावर 'नो सिग्नल', मग एकदम चित्र. चारपाच सेकंदच गेले असतील, पण अख्खं सभागृह मान वळवून माझ्याकडे बघत होतं राव.

आता पुढचं काम मोठं आहे. दोन कॅमेरे, वक्त्यांचे तीन लॅपटॉप, व्हिडिओ वाजवायला एक वेगळा लॅपटॉप, म्हणजे सहा इनपुट झाले. मध्ये एलईडी वॉल, बाजूला दोन प्रोजेक्टर, शिवाय स्ट्रीमिंग. बॉक्सवर 'सीमलेस', म्हणजे बदलताना खंड न पडणारं, असं लिहिलेल्या गोष्टी शोधायला गेलं की हजार दिसतात, अगदी स्वस्तातल्या मॅट्रिक्सवर (अनेक इन, अनेक आउटचा स्विच) पण तोच शब्द आणि मोठ्या स्विचरवर पण तोच. फरक नेमका कुठे बघायचा? आणि सगळ्या इनपुटना स्केलर (चित्राचं माप बदलणारा भाग) हवाच का, की दोनतीनला असला तरी चालतं?

फ्रेमबफर

आधी काळं का होतं ते बघ, म्हणजे काय विकत घ्यायचंय ते आपोआप कळेल. साधा स्विच म्हणजे नुसता फाटा बदलणारा माणूस. तू बटण दाबलंस की जुनी वायर सुटते, नवी लागते, आणि प्रोजेक्टरला वाटतं कुणीतरी केबल उपटून दुसरी खोचली. मग तो परत पहिल्यापासून ओळखपाळख करत बसतो, लॅपटॉप ईडीआयडी (पडद्याला कुठली मापं चालतात ती यादी) वाचतो, एचडीसीपीची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपाची, बोलणी होतात, रिझोल्युशन ठरतं, प्रोजेक्टर नव्या सिग्नलला लॉक होतो. तुझे चारपाच सेकंद इथे गेले.

खऱ्या सीमलेसमध्ये प्रत्येक इनपुट आधी आतल्या मेमरीत जातो, तिथे त्याचं माप आणि फ्रेम रेट आउटपुटच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये बसवला जातो, आणि आउटपुट बाहेर कायम एकाच लयीत चालू असतो. प्रोजेक्टरला पत्ताच लागत नाही की आत काही बदललं. लॅपटॉपही स्विचरशी बोलून मोकळा झालेला असतो, त्याला पडद्याशी देणंघेणं नाही.

आता गोम. काही बॉक्समध्ये स्केलर एकच असतो, तोही आउटपुटला. तू स्विच केलंस की तो जुनी फ्रेम गोठवून ठेवतो किंवा काळं धरून ठेवतो, तोवर नवा इनपुट लॉक होतो. 'नो सिग्नल' दिसत नाही म्हणून याला पण सीमलेस म्हणून विकतात. खोटं म्हणता येत नाही, पण तुला जे हवंय ते हे नाही.

ओळखायचं कसं? डिझॉल्व्ह करून बघायचं. एक लॅपटॉप १९२०×१०८० वर, दुसरा मुद्दाम १०२४×७६८ वर लाव आणि एकातून दुसऱ्यात हळू मिक्स मार. झालं तर दोन्ही चित्रं एकाच वेळी आत तयार आहेत, विषय संपला. नुसता कटच देत असेल तर शंका घे.

टीबारवाला

वरचं बरोबर आहे, फक्त एक भर. 'प्रत्येक इनपुटला कन्व्हर्टर' आणि 'प्रत्येक इनपुटला स्केलर जो लॅपटॉपचं काहीही खातो' यात फरक आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात, मी पण फसलोय.

उदाहरण घे. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी २०१९ साली आला, चार एचडीएमआय इनपुट, प्रत्येकाला स्वतःचा कन्व्हर्टर, एकात ७२०पी आणि एकात १०८०आय असलं तरी निवांत मिक्स होतं. पण ते व्हिडिओचे फॉरमॅट झाले. लॅपटॉपने १९२०×१२०० किंवा १०२४×७६८ फेकलं तर त्या इनपुटवर काही येत नाही. रोलंडच्या व्ही-१एचडीमध्ये चार इनपुटपैकी चौथ्यालाच स्केलर आहे, म्हणजे आडमुठा लॅपटॉप कुठे लावायचा ते तुला आधीच ठरवावं लागतं. दोन्ही चांगली यंत्रं आहेत, मी वापरलीत, फक्त आपल्या कामाला बसतात का ते बघायला हवं.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर, सगळ्यांना नको. कॅमेरे तुझे स्वतःचे आहेत, सेटिंग तुझ्या हातात आहे, ते एकदा आउटपुटच्या फॉरमॅटवर लावले की झालं. स्केलर लागतो तो पाहुण्यांच्या लॅपटॉपना. तीन वक्ते म्हणजे तीन स्केलरवाले इनपुट, व्हिडिओवाला लॅपटॉप तुझाच.

आणि इनपुट मोजत बसलास, आउटपुट मोजलेस का? वॉलवर कॅमेरा, बाजूला स्लाइड, स्ट्रीमवर दोन्ही पीआयपीमध्ये (चित्रात चित्र), असं कुणीतरी ऐनवेळी मागणारच. साध्या एटेम मिनीला एचडीएमआय आउट एकच, एटेम मिनी एक्स्ट्रीमला आठ इन आणि दोन आउट. ऑक्स आउट (जादाचे आउटपुट) किती आणि त्यावर प्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे मुख्य आउटपुटपेक्षा, वेगळं काही पाठवता येतं का, हे विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

मागचीरांग

डिझॉल्व्हची युक्ती भारी आहे, हे डोक्यातच नव्हतं आलं. आउटपुट खरंच मोजले नव्हते 🙈

दोन शंका. एक, मॅकवाले वक्ते आले की कधी कधी स्विचरवर चित्रच येत नाही, तेच मशीन सरळ प्रोजेक्टरला लावलं की येतं, हे एचडीसीपीचं आहे का? दुसरं म्हणजे कुणीतरी घाबरवलं की फ्रेम मेमरीमुळे चित्र उशिरा येतं आणि ओठ एकीकडे आवाज एकीकडे होतं. कितपत खरं?

हँडशेक_हरवला

एचडीसीपी असू शकतं. समोरचं यंत्र 'मला एचडीसीपी समजतं' म्हणालं की मॅक सगळंच कुलूपबंद पाठवतो, साधी स्लाइड असली तरी. मध्ये असा बॉक्स आला जो हो म्हणतो पण पुढच्याला ते कळत नाही, की अडकलं. इनपुटला एचडीसीपी बंद करायची सोय असेल तर बंद कर, मग मॅक मुकाट्याने उघडा सिग्नल देतो. फक्त संरक्षित चित्रपट वगैरे मग दिसणार नाही, आणि तो दिसायला नकोच आहे, स्ट्रीमवर गेला तर दुसरंच लचांड.

पण त्याआधी ॲडॅप्टर बदलून बघ. मॅकच्या तक्रारींत निम्म्या वेळा मला यूएसबी-सीचा तो छोटा तुकडाच चोर सापडलाय. आपले तपासलेले दोन जवळ ठेव, वक्त्याने खिशातून काढलेल्यावर भरवसा नको.

ईडीआयडी पण इनपुटवर फिक्स करून ठेव, १०८०पी शिवाय काही सांगायचंच नाही लॅपटॉपला. मग निम्मे आडमुठे आपणहून सरळ होतात आणि स्केलरवरचा भारही जातो.

डीले_किती

उशीर होतो, हे खरं, पण घाबरायचं कशाला, मोजायचं. सेकंदाला ५० फ्रेम असल्या तर एक फ्रेम म्हणजे २० मिलीसेकंद. स्विचरने साधारण एकदोन फ्रेम घेतल्या, कॅमेऱ्याने एकदोन, एलईडी वॉलच्या प्रोसेसरने पुन्हा एकदोन. पाच धरल्या तर १०० मिलीसेकंद झाले. २५ फ्रेमवर काम करत असशील तर हाच हिशोब दुप्पट, म्हणून वॉलवर माणूस दाखवायचा असेल तर ५० किंवा ६०च ठेव.

गंमत अशी की आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १०० मिलीसेकंदात ३४ मीटर. तेवढ्या लांब बसलेल्याला स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज आणि वॉलवरचे ओठ अगदी जुळलेले दिसतील. बोंब पुढच्या रांगेची, त्यांना खरा माणूस आणि वॉलवरचा माणूस शेजारी शेजारी दिसतो. तुमचं नाव मागचीरांग आहे म्हणजे तुम्हाला काळजी नाही 😄

स्ट्रीमसाठी आवाजाला डीले देता येतो, तो दे. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) शिफारशीत आकडे आहेत, आवाज ४५ मिलीसेकंद आधी आला किंवा १२५ उशिरा आला की माणसाला कळायला लागतं. म्हणजे आवाज पुढे पळाला की लवकर खटकतं, मागे राहिला तर बरंच खपतं. हॉलमधल्या आवाजाला मात्र डीले लावत बसू नकोस, वक्ता स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून अडखळायला लागतो.

अजून एक, लॅपटॉप ६० वर आणि शो ५० वर असेल तर लॅपटॉपवरच्या व्हिडिओत हलका झटका दिसणार, ते रेट बदलताना होतंच. स्लाइडला काही फरक पडत नाही. व्हिडिओवाला लॅपटॉप तेवढा शोच्या रेटवर आण.

सॉफ्टवेअरच_बरं

एवढं कशाला, एक दणकट पीसी, त्यात व्हिडिओ आत घ्यायला कॅप्चर कार्ड आणि व्हीमिक्स हे स्विचिंगचं सॉफ्टवेअर. इनपुट वाढवा, टायटल टाका, रेकॉर्ड करा, सगळं एका ठिकाणी.

टीबारवाला

स्ट्रीमला मीही व्हीमिक्सच वापरतो, त्याबद्दल वाद नाही. पण हॉलच्या मुख्य स्क्रीनचा रस्ता विंडोजमधून न्यायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. एका शोला मधेच अपडेटची खिडकी आली होती, ती अठरा फुटी वॉलवर कशी दिसते ते मी बघितलंय. हार्डवेअर स्विचर स्क्रीनला, त्याच्या ऑक्समधून पीसीला, पीसी मेला तरी हॉलला कळत नाही.

आणि @मागचीरांग, केबलचं कुणी बोललंच नाही. स्टेजपासून टेबलपर्यंत लांब एचडीएमआय ओढू नकोस. कॅमेऱ्यांना एसडीआय केबल, तिचा बीएनसी कनेक्टर फिरवून लॉक होतो, कुणाचा पाय लागला तरी निघत नाही. लॅपटॉपना एचडीबेसटीचे एक्स्टेंडर (एचडीएमआय नेटवर्क केबलवरून नेणारे), कॅट६ केबलवर १०८०पी १०० मीटरपर्यंत जातं. सीमलेस स्विचर घेऊनही स्टेजवरचा एचडीएमआय पिनला ढिला असेल तर काळं ते काळंच.

मागचीरांग

काल भाड्याने एक आठ इनपुटवाला आणून बघितला. लॅपटॉपला १०२४×७६८ लावून डिझॉल्व्ह मारला, पहिल्या चार इनपुटवर सुरळीत, पाच ते आठवर चित्रच नाही. विकणारा मात्र 'सगळे सारखेच आहेत' असं ठासून सांगत होता. म्हणजे वक्ते एक ते तीन, प्लेबॅक चारवर, कॅमेरे पाच-सहावर, असं बसतंय माझं. एचडीसीपी बंद केल्यावर मॅकही आला.

एक राहिलं, वॉल १६:९ नाहीये, आडवी लांब आहे. स्विचरमध्येच कापायचं की प्रोसेसरमध्ये?

फ्रेमबफर

प्रोसेसरमध्ये. स्विचर १०८०पीच ठेव, नाहीतर प्रोजेक्टर आणि स्ट्रीम दोन्हीचं माप बिघडेल. वॉलवाल्याकडून त्याचे पिक्सेल किती बाय किती ते आजच मागून घे आणि तेवढ्या भागाची चौकट काढलेली एक टेस्ट इमेज स्विचरच्या स्टिल स्टोअरमध्ये (स्थिर चित्रं ठेवायची जागा) टाकून ठेव, म्हणजे सेटअपला वरखाली काय कापलं जातंय ते दिसेल. कॅमेऱ्यावाल्यालाही तीच चौकट दाखव, नाहीतर तो वक्त्याचं डोकं कापलेला शॉट देत बसेल.

हँडशेक_हरवला

आणि चारही लॅपटॉपचं स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद!! वक्त्याचा लॅपटॉप हातात आला की आधी तेच.

मागचीरांग

लिहून घेतलं 🙏 सोमवारी सेटअप आहे, झाल्यावर सांगतो.