मदत हवी आहे: स्कॉट्स ‘थोल’ला मराठी क्रियापद

स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेतलं ‘थोल’ म्हणजे तक्रार न करता सोसणं. जुन्या इंग्रजीतल्या ‘थोलियन’पासून आलेलं, जर्मन ‘डुल्डेन’ याच कुळातलं. मूळ धातूचा अर्थ उचलणं, भार पेलणं. संस्कृत ‘तुल्’ आणि आपलं ‘तोलणे’ही तिथलेच, म्हणून तर जीव अडकलाय! (वल्हं अडकवायच्या खुंटीलाही इंग्रजीत ‘थोल’च म्हणतात, पण तो शब्द वेगळा, कोशात गल्लत होते.)

अडचण अशी: ‘सोसणे’त दुःख येतं, ‘खपवून घेणे’त नाराजी. स्कॉटिश कायद्यात एकदा खटल्याला सामोरं गेलेला आरोपी ‘थोल्ड असाइज’ सांगतो, म्हणजे त्याच गुन्ह्यासाठी सहसा पुन्हा खटला नाही. तिथे ‘सोसलेला खटला’ विचित्र वाटतं. ‘साहणे’ जुनाट वाटेल का? कोकणी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणीत मुकाट पेलण्याला एकच क्रियापद आहे का? वाक्यासकट सांगा.