मदत हवी आहे: बॅटऱ्या फोडायच्या शेडशेजारच्या रानातली वैरण म्हशींना घालू की बंद करू?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. घरचं रान पाऊण एकर, त्यात सगळा ऊस. म्हणून वैरणीसाठी तीन वर्षांपूर्वी गावाबाहेर वीस गुंठे खंडानं घेतलं आणि हत्ती गवत लावलं. बांधाला लागून एक पडीक पत्र्याचं शेड आहे. तिथं पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा शेडमध्ये छातीभर पाणी होतं, आणि ओसरताना ते सगळं याच रानातनं गेलं. हे मला नंतर कळलं. खंड ठरवताना कोण सांगतंय?

चार म्हशी आहेत, त्यातल्या दोन दुभत्या. गेल्या महिन्यात पाच महिन्यांचं रेडकू गेलं. आधी दोन दिवस वैरण सोडली. मग दात करकरा खायला लागलं. डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी हलेना. शेवटी भिंतीला कपाळ टेकवून उभं राहिलं, तासभर तसंच, आणि जागेवर कोसळलं. डॉक्टर आले तोवर संपलं होतं. ते म्हणाले, शिशाची विषबाधा असू शकते. शवविच्छेदन करून घ्यायला हवं होतं, पण घरातली रडत होती, पुरून टाकलं. चूक झाली.

मृदा आरोग्य पत्रिका होती. त्यात बारा तपासण्या, सगळं ठीक, शिशाचं नावच नाही. मग पदरचे पैसे घालून खासगी लॅबमध्ये माती दिली. रानाच्या मधली माती: किलोला शिसं ४१० मिलिग्रॅम, कॅडमियम (हाही विषारी धातू) २.१, सामू (पीएच) ८.१. शेडच्या कडेची माती: शिसं ३,८००.

गवत मात्र डोक्याच्या वर गेलंय, काळंभोर. आबा म्हणतात, "मातीत विष असतं तर गवत जळालं असतं." त्यांना काय सांगू? वैरण बंद करायची तर रोजची शंभर किलो विकत कुठनं आणू?

तांबडा_रस्सा

भावा, आमच्याकडं वीस वर्षं नाल्याच्या पाण्यावर गवत आहे. म्हशी ठणठणीत, फॅट पण सातच्या वर लागतंय. लॅबवाले घाबरवतात आणि पुढच्या तपासणीचे पैसे काढतात.

गोठ्यातला_डॉक्टर

बांधावरचा, आधी एवढंच सांगा: रेडकू कुठं बांधत होता?

बांधावरचा

वैरण कापायला जाताना म्हैस आणि रेडकू बरोबर न्यायचो. उन्हाचं शेडच्या सावलीला बांधायचो. खुंटा तिथंच ठोकलाय.

गोठ्यातला_डॉक्टर

वाटलंच. आता हिशेब मांडू.

वासरा-रेडकाला एकदम मारायला किलो वजनामागं साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम शिसं लागतं. तुमचं रेडकू ८० किलोचं धरलं तर ३२ ग्रॅम. बॅटरीतला तो राखाडी लगदा सुपारीएवढा पोटात गेला की झालं काम. शिशाचे क्षार गोडसर लागतात, जनावर चाटत बसतं. बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांचे तुकडे जाळीपोटात अडकतात आणि दिवसेंदिवस विरघळत राहतात.

आता गवताकडं या. मोठी म्हैस दिवसाला कोरडं धरून १० किलो खाते. त्यात पाच टक्के माती चिकटून आली तर अर्धा किलो माती. तुमच्या रानाच्या ४१० नं ते २०५ मिलिग्रॅम शिसं होतं. ४५० किलोच्या म्हशीला किलोमागं अर्धा मिलिग्रॅमही नाही. रोज सहाच्या आसपास जाऊ लागलं की मोठ्या जनावरात लक्षणं दिसायला लागतात. पण हाच हिशेब शेडच्या कडेच्या मातीनं करा: १,९०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागं चारच्या वर. तिथलं गवत आजपासून बंद.

माझा अंदाज, रेडकू वैरणीनं नाही गेलं, चाटून गेलं. खुंटा आज उपटा. शेडच्या बाजूला काटेरी कुंपण घाला. घरातली पोरं तिथं खेळत असतील तर त्यांचं रक्त तपासून घ्या, हे म्हशींच्या आधी.

बांधावरचा

डॉक्टर, हात थरथरतोय. धाकटा तिथं पट्ट्यांच्या जाळ्या गोळा करायचा, त्या खेळण्यासारख्या घरात पडल्या आहेत.

गोठ्यातला_डॉक्टर

हात न लावता पिशवीत भरा, घराबाहेर. उद्या सकाळी डॉक्टरांकडं घेऊन जा आणि "रक्तातलं शिसं" असं स्पष्ट लिहून मागा. बाकीचं नंतर.

काळी_माती

मी मातीचं काम करतो, गवताबद्दल बोलतो. आबांचं म्हणणं चूक का आहे ते सांगतो, कारण गावोगावी हेच ऐकतो. गवताला शिशानं काही होत नाही, कारण ते शिसं वर घेतच नाही. बहुतेक मुळाशीच अडकतं. त्यात तुमची जमीन काळी, चुनखडीची, सामू ८.१. अशा जमिनीत शिसं घट्ट बसतं. हेच रान राधानगरी-गगनबावड्याकडच्या तांबड्या आंबट मातीत असतं तर मी वेगळं बोललो असतो.

म्हणजे धोका पानाच्या आत कमी, पानाच्या बाहेर जास्त. युरोपात हिरव्या वैरणीला शिशाची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे, बारा टक्के ओल धरून. गवताच्या वजनाच्या पाच टक्के जरी तुमची माती चिकटली तरी नुसत्या मातीचेच २० मिलिग्रॅम होतात. आठ टक्के चिकटली की मर्यादा गेली. ऑगस्टमध्ये चिखलातनं कापलेल्या गवताला आठ टक्के म्हणजे काहीच नाही.

कॅडमियमची गोष्ट उलटी. ते मुळातनं पानात सहज चढतं, धान्यापेक्षा पानात जास्त. पाण्यात क्लोराइड असलं तर आणखी चढतं, म्हणून शिरोळकडच्या क्षारपड रानांना मी हेच आकडे जास्त धोक्याचे धरीन. म्हैस ते मूत्रपिंडात साठवत जाते, वर्षानुवर्षं. दुधात फार थोडं उतरतं. तांबड्या रश्श्याच्या म्हशी ठणठणीत दिसतात त्याचं कारण तेच आहे भावा, फॅटमध्ये कॅडमियम दिसत नाही.

एक घरगुती प्रयोग करा. पाच ठोंब बुडातनं कापा आणि पाच वीतभर वर ठेवून कापा. दोन पांढऱ्या बादल्यांत वेगवेगळे खळबळून धुवा. पाणी रात्रभर ठेवा, सकाळी तळ बघा.

बांधावरचा

केलं. बुडातनं कापलेल्या बादलीत सकाळी तळाला काळा थर बसला होता, चमच्यानं काढला तर पोह्याचे दोन चमचे भरले. पान खोडाला जिथं चिकटतं ना, त्या खोबणीत चिखल वाळून बसलेला असतो, तो बोटानं काढावा लागतो. वरून कापलेल्या बादलीत तळ नुसता धुरकट. आबांनी स्वतः वाकून बघितलं. काही बोलले नाहीत, पण आज कोयता वर धरूनच कापलं.

काळी_माती

हे मी शंभर पानांच्या अहवालापेक्षा जास्त मानतो. आता असं करा: वीतभर वर कापणी, पावसाळ्यात एक दिवस थांबून, जमिनीवर न टाकता थेट गाडीत. न धुतलेली आणि धुतलेली, दोन्ही वैरण शिसं-कॅडमियमला तपासायला द्या. कॅडमियमला मर्यादा किलोला १ धरा. आणि मुरघास करणार असाल तर खड्ड्यात नको, पिशवीत.

पाचट_पांघरा

सूर्यफूल किंवा मोहरी लावून शिसं ओढून घेता येतं म्हणे. खरं का?

काळी_माती

४१० चं १०० करायला तुमची नातवंडं म्हातारी होतील. आणि त्या सूर्यफुलाचं करणार काय? पेंड परत म्हशीलाच घालाल. त्यापेक्षा शेडच्या कडेचे दोन गुंठे सोडून द्या, बाकीच्यात भरपूर शेणखत घाला. पण त्याच म्हशींचं शेण नको. खाल्लेल्या शिशाचा बराच भाग शेणातनंच बाहेर पडतो. त्याच्या शेणी थापून चुलीत घातल्या तर राखेत तो गोळा होतो, आणि राखेनं भांडी घासायची सवय आपल्याकडं अजून आहे.

तांबडा_रस्सा

राख आमच्याकडं पण भांड्याला वापरतात. बघतो. नाल्याच्या पाण्याची तपासणी कुठं होते?

काळी_माती

पाण्याआधी गवत द्या, लॅबला एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का बघून. "एकूण धातू" म्हणून मागा.

बांधावरचा

घडामोड सांगतो. धाकट्याचं रक्त दिलंय, अहवाल यायचाय. खुंटा उपटला, कुंपण झालं. चार दिवस डेअरीला दूध घातलेलं नाही. सचिव विचारत होते, खरं तेच सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दुधाचा नमुना वेगळा काढून दिला. थोरली म्हैस दोन महिन्यांत विणार आहे. तिला कुठनं तरी स्वच्छ वैरण आणतोय, सध्या भावकीतलं उसाचं वाडं. रानमालकाला लॅबचा कागद दाखवला. तो म्हणतो, खंड कमी करतो पण रान सोडू नको. मी अजून हो म्हटलेलं नाही.

डॉक्टर, त्या म्हशीची काळजी वाटते.

गोठ्यातला_डॉक्टर

वाटायलाच हवी. शिसं हाडात जाऊन बसतं, आणि गाभणपणात, विल्यावर दूध उतरताना हाडातला चुना सुटतो तसं तेही सुटतं. भारतात दुधाला शिशाची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे फार कडक. दूध आत्ता एकदा आणि विल्यावर पंधरा दिवसांनी एकदा तपासा. चारही म्हशींचं रक्तही द्या. आणि जनावर दगावलं तर पुरू नका, आधी फोन करा.

बांधावरचा

रक्ताच्या नळ्या पुण्याच्या लॅबला पाठवायच्या आहेत. बर्फात द्यायच्या का? एसटीनं एक दिवस जातो.

गोठ्यातला_डॉक्टर

बर्फाच्या पिशवीबरोबर, पण थेट बर्फाला टेकवून नाही. रक्त गोठता कामा नये. नळी कुठली ते लॅबलाच विचारा, आणि प्रत्येक नळीवर म्हशीचं नाव लिहा, नंबर लिहिलात तर चारात घोळ घालाल.